पेबल खाण आणि ब्रिस्टल बेचे ओढे

आधी एक खुलासा करतो, मेन्यूवर 'इंडियन सॅल्मन' म्हणून आपल्याला जो देतात तो रावस, आजच्या माशाशी त्याचं काही नातं नाही. आजचा मासा सॉकाय सॅल्मन, आणि जागा अलास्काच्या नैऋत्येला, ब्रिस्टल बे. फार्ममधला नाही, नदीत जन्मून समुद्रात वाढलेला असा जेवढा सॉकाय जगात आहे त्यातला साधारण निम्मा इथला. 2022 ला तर जवळजवळ 8 कोटी मासे परत आले, रेकॉर्डच.

तिकडे नदीकाठी टॉवर उभे केलेत, त्यावर फिशरी खात्याची माणसं हातात क्लिकर घेऊन दर तासाला दहा मिनिटं खालून जाणारे मासे मोजतात, आणि अंडी घालायला वर किती गेले हे बघूनच खाली जाळी कधी टाकायची ते ठरतं. शंभराहून जास्त वर्षं धंदा करूनही मासा टिकलाय तो असा.

आता याच पाण्याच्या डोक्यावर, नुशागाक आणि क्विचाक नद्यांच्या उगमापाशी, पेबल नावाचा तांबं-सोन्याचा साठा आहे. साठा अवाढव्य पण माल हलका, तांबं अर्धा टक्कासुद्धा नाही, म्हणजे शंभर टन दगड दळला की नव्व्याण्णव टनांच्या वर नुसता गाळ. प्लॅन 20 वर्षांत साधारण 130 कोटी टन दगड काढायचा होता. आणि यात गंधक असतं, हवा-पाणी लागलं की अॅसिड तयार होतं, ते दगडातलं तांबं विरघळवून सोबत घेऊन जातं. त्यामुळे खाण बंद झाली तरी खड्ड्यातलं पाणी उपसा, शुद्ध करा, सोडा, आणि हे कायम. मला सांगा, वीस वर्षं कमवून कुठली कंपनी तीनशे वर्षं पंप चालवत बसणार आहे?

बरं, हा गाळ ज्या धरणामागे साठवून ठेवतात ते फुटत नाही असंही नाही. कॅनडात माउंट पॉली खाणीचं असंच धरण 4 ऑगस्ट 2014 ला फुटलं, अडीच कोटी घनमीटर पाणी आणि गाळ हेझलटाइन नावाच्या एका लहानशा ओढ्यातून थेट क्वेनेल लेकमध्ये गेला, आणि ते तळंही सॉकायचंच.

पण धरण फुटायची वाट बघायचीही गरज नाही. मादी कुशीवर होऊन शेपटीचे फटके मारत खडीत खड्डा करते, त्यात अंडी घालते, वरून परत खडी सारते. त्या खडीतून स्वच्छ पाणी वाहत राहिलं तरच अंडी जगतात, बारीक गाळ बसला की गुदमरून मेली. शिवाय हा मासा आपला ओढा वासावरून ओळखतो, आणि पाण्यात अब्जात काही भाग तांबं आलं तरी नाक मंदावतं.

कंपनीवाले म्हणायचे की एवढ्या मोठ्या खोऱ्यातले थोडेसे तर ओढे जाणार. इथेच माझं भांडण आहे. एका वर्षी एका ओढ्यातली पिल्लं कमी जगतात तेव्हा दुसऱ्यातली जास्त जगतात, म्हणून एकूण आकडा सांभाळला जातो, त्यामुळे नकाशावर नावही नसलेला ओढा 'थोडासा' कसा?

तिथले मूळ रहिवासी, युपिक, देनाइना लोक, पिढ्यान्‌पिढ्या हाच मासा सुकवून, धुरावून हिवाळा काढतात. त्यांच्यातल्या सहा जमातींनी 2010 मध्ये ईपीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याकडे, ही खाण थांबवा असा अर्ज केला. नोव्हेंबर 2020 ला आर्मी कोअरने, म्हणजे अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर खात्याने, खाणीचं परमिट नाकारलं, जानेवारी 2023 ला ईपीएने व्हेटो वापरला, म्हणजे खाणीचा माल-गाळ इथल्या पाण्यात टाकायलाच मनाई केली. 2024 ला कंपनी त्याविरुद्ध कोर्टात गेली, आणि अलास्का सरकारही, कारण जमीन राज्याची.

आत्ता कुणीतरी विचारलं, मग इलेक्ट्रिक गाड्यांना तांबं कुठून आणायचं? प्रश्न रास्त आहे, तांबं लागणारच. पण तांब्याच्या खाणी जगात बऱ्याच ठिकाणी आहेत, असा सॉकाय दुसरीकडे एवढा उरलेला नाही. आणि व्हेटोवर सगळं सोडूनही चालत नाही, तो या एकाच साठ्यापुरता आहे, आसपास बाकीचे क्लेम, म्हणजे खाणीसाठी राखून ठेवलेल्या जागा, पडलेलेच आहेत. इलियाम्ना तळ्याकाठच्या पेड्रो बे गावाची जी कॉर्पोरेशन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची जमीन सांभाळणारी कंपनी, आहे तिने हे ओळखलं, आणि 2022 च्या शेवटी आपल्या 44 हजार एकरांवर कायमचं बंधन घालून घेतलं, म्हणजे खाणीचा माल न्यायचा जो रस्ता त्यांच्या जमिनीतून आखला होता तोच बंद.