एका रविवारची टुर्नामेंट आणि अडीच वर्षांचा उपचार

बसा, मागचे पण पुढं या, सतरंजी रिकामी आहे. मला पस्तीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'मैदानातून मदतनिधी कसा उभा करावा'. विषयावर मी येतोच, पण त्याआधी बरेच दिवसांपासून एक गोष्ट डोक्यात घोळून राहिली आहे ती सांगतो, ती ऐकल्याशिवाय पुढचं पटणार नाही. फुटबॉलवाले, क्रिकेटवाले, कबड्डीवाले आणि खो-खोच्या ताया एकाच मांडवात बसल्यात, नागपुरात हे रोज घडत नाही, तर मी संधी सोडणार नाही.

आपल्या अंडर-थर्टीन फुटबॉल टीमच्या पोराचं सगळ्यांना माहीत आहे. मी त्याचं नाव घेणार नाही, का ते पुढं कळेल, तो डाव्या कडेनं खेळतो म्हणून आपण त्याला डावा विंगर म्हणू. त्याला एएलएल झालाय, रक्ताचा कॅन्सर, लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा कॅन्सर हाच. उपचार सुरू आहेत, पोट्टा बोलतो, चिडतो, मोबाइलवर मॅच पाहतो आणि आपल्या डिफेन्सला नावं ठेवतो. आपण सगळ्यांनी मिळून वर्गणी काढली, सेव्हन-अ-साइड टुर्नामेंट घेतली, तर्री-पोह्याचा स्टॉल लावला, आणि पैसे चांगले जमले. ज्या पोट्ट्यांनी सुट्टीच्या दिवशी पहाटे पाचला येऊन मैदानावर चुन्याच्या रेषा मारल्या त्यांच्याबद्दल मला जे वाटतं ते माइकवर बोलता येत नाही.

आता ती गोष्ट. शहरातल्याच एका स्पर्धेला मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं, कोणाची ते सांगत नाही, मैदानही सांगत नाही. एका कबड्डी खेळणाऱ्या मुलीसाठी ती स्पर्धा होती. गेटवरच बॅनर, सहा बाय दहाचा, त्यावर त्या पोरीचा केस गेलेला फोटो, पूर्ण नाव, शाळेचं नाव, वर्ग, आणि खाली फोटोवाल्या मान्यवरांची रांग, मान्यवरांचे फोटो मिळून तिच्या फोटोपेक्षा जास्त जागा. बरं, पोरगी स्वतः स्टेजवर. किमो सुरू असलेली पोरगी, तोंडाला मास्क, एप्रिल महिना, पत्र्याच्या मांडवाखाली. किमोत पांढऱ्या पेशी खाली येतात, साधा ताप आला तरी धावत हॉस्पिटल गाठावं लागतं, गर्दीत नेऊ नका हे डॉक्टर पहिल्या दिवशी सांगतात. आणि इथं प्रत्येक पाहुणा येऊन तिच्या गालाला हात लावून फोटो काढून राहिला होता. शाल, श्रीफळ, बुके, भाषण, पुन्हा शाल. तिची आई बाजूला हात जोडून उभी, तिला कोणी खुर्चीही दिली नाही, आणि ती नाही म्हणू शकत नव्हती, कारण पैसे ह्याच लोकांकडून येणार होते. माझ्या मनातून ते हात जोडणं जात नाही. मदत घेणाऱ्या माणसाला आपण नाही म्हणायची सोय ठेवली पाहिजे, एवढं मी त्या दिवशी ठरवलं.

शेवटी तो पुठ्ठ्याचा मोठा चेक. मी नंतर हिशोब विचारला, सरळ विचारला, शिक्षक माणूस आहे, मला हिशोब विचारायची सवय आहे. बत्तीस टीम, दीड हजार एंट्री फी, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. त्यातून मांडव, साउंड, बॅनर, ट्रॉफ्या, पाहुण्यांचे बुके आणि जेवण. घरच्यांच्या हातात पडले चौदा हजार. पोरांच्या आईबापांनी दीड हजार दिले ते पोरीसाठी दिले होते, बुकेसाठी नाही. हे मी तिथंही बोललो आणि पुन्हा मला तिकडं बोलावलं नाही, चालेल. त्या आयोजकांची नियत वाईट होती असं मी म्हणत नाही. त्यांना एकच साचा माहीत होता, उद्घाटन-सत्कार-बक्षीस समारंभ, तोच त्यांनी वापरला.

आता नावाचं सांगतो. १९४८ साली अमेरिकेत, बोस्टनला, डॉक्टर सिडनी फार्बर म्हणून होते, मुलांच्या कॅन्सरवर काम करायचे. त्यांच्या वॉर्डात बारा वर्षांचा एक पोरगा, शेतकऱ्याच्या घरचा, बेसबॉलचा वेडा. एका रेडिओ कार्यक्रमवाल्यांनी त्याच्या खाटेपाशी माइक लावला, त्याला विचारलं तुझे आवडते खेळाडू कोण, तो एकेक नाव घेतो आणि बोस्टन ब्रेव्ह्ज टीमचा तो तो खेळाडू दारातून आत येतो! बॉल, बॅट, जर्सी, सगळं घेऊन. मग लोकांना आवाहन, २० हजार डॉलर जमले तर पोराला टीव्ही देऊ म्हणजे त्याला टीमची मॅच पाहता येईल. जमले २ लाखांच्या वर. त्यातून जो निधी उभा राहिला तो आजही चालू आहे, जिमी फंड म्हणतात त्याला.

पण मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की पोराचं नाव जिमी नव्हतंच. डॉक्टरांनी त्याचं खरं नाव रेडिओवर येऊ दिलं नाही. पोरगा बरा झाला, घरी गेला, मोठा झाला, ट्रक चालवला, संसार केला, आणि जवळजवळ पन्नास वर्षं लोकांना पत्ता नव्हता की जिमी म्हणजे हाच. १९९८ साली तो स्वतः पुढं आला. स्वतः आला, हे ध्यानात घ्या. नाव न देता, फोटो न लावता, एका टीमच्या जोरावर एवढा पैसा उभा राहू शकतो, तर आपल्याला सहा बाय दहाचा फोटो काहून लागतो? आपला विंगर उद्या बरा होऊन कॉलेजात जाईल, तिथं तो लेफ्ट विंगर म्हणूनच ओळखला जावा, कॅन्सरवाला पोरगा म्हणून नाही.

फार्बर साहेबांचं नाव निघालंच तर एक सांगून टाकतो, आपल्या पोरांना शाळेत हे कोणी सांगत नाही. त्यांनी मुलांच्या ल्युकेमियावर पहिल्यांदा जे औषध वापरून दाखवलं, अमिनोप्टेरिन, ते ज्यांच्या टीमनं तयार केलं ते डॉक्टर यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. त्याच्याच जवळचं औषध मेथोट्रेक्सेट, ते आजही आपल्या पोराच्या उपचारात आहे, मेंटेनन्समध्ये, म्हणजे शेवटच्या लांब टप्प्यात, आठवड्यातून एकदा. आणि दुसरं, व्हिंक्रिस्टीन, ते सदाफुलीतून मिळतं. ही आपल्या मैदानाच्या कुंपणाला लागलेली सदाफुली, जिच्यात तुमचा बॉल गेला की माळीभाऊ ओरडतात, तीच. कोणी पानं तोडून खायला जाऊ नका, त्यातून औषध काढायला मोठी फॅक्टरी लागते, पण पोट्ट्यांना दाखवा जरूर.

कोच मंडळींसाठी पण एक सांगतो. आपण पोरांना आठवड्यातून पाच-सहा दिवस पाहतो, शर्ट-शॉर्टमध्ये, पळताना. पोरगा अचानक दोन राउंडात थकायला लागला, चेहरा पांढरा पडला, मार न लागता अंगावर निळे डाग, ताप येतो-जातो, रात्री हाडं दुखतात म्हणतो, गळ्याला गाठी, तर ते आळस म्हणून सोडू नका आणि वाढीचं दुखणं म्हणूनही सोडू नका. घरच्यांना शांतपणे म्हणा, एक सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची साधी तपासणी, करून घ्या. बहुतेक वेळा साधंच काही निघेल, आणि तसंच निघो.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणतात. हौ, आता विषयावर.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा उपचार नॉकआउट नाही, लीग आहे. एएलएलचा उपचार साधारण अडीच ते तीन वर्षं चालतो. पहिला महिना जोराचा, मग काही महिने हॉस्पिटलच्या फेऱ्या, आणि मग दोनेक वर्षं मेंटेनन्स, रोज रात्री गोळी, ठरलेल्या तारखांना तपासणी. डब्ल्यूएचओ सांगते की श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात आणि बऱ्याच गरीब देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. औषधं मोठ्या प्रमाणात तीच आहेत. निदान उशिरा होतं हे एक कारण, आणि उपचार मधेच सुटतो हे दुसरं. मधेच का सुटतो, तर बापाची रोजी बुडते, गाव लांब, घरी दुसरं लेकरू, आणि पोरगा जरा बरा दिसायला लागला की वाटतं झालं. केस परत येतात, पोरगा पळायला लागतो, आणि तेव्हाच वर्गणी देणारे आपणही घरी गेलेलो असतो. म्हणून आपला पैसा पहिल्या महिन्यात सगळा ओतून उपयोग नाही, तो तिसाव्या महिन्यापर्यंत पोचला पाहिजे. आणि हे काम स्पोर्ट्स क्लबइतकं चांगलं कोणी करू शकत नाही, कारण हजेरी लावणं आणि सीझनभर टिकणं हेच तर आपण शिकवतो.

म्हणून वाटणी करू. प्रत्येक बॅच एक महिना घेईल, बॅच संपल्या की पुन्हा पहिलीपासून. त्या महिन्यात घरच्यांचा येण्याजाण्याचा खर्च, डबा, किराणा, घरभाडं अडलं असेल तर ते, सगळं त्या बॅचनं बघायचं. उपचाराचं मोठं बिल बरंचसं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं, कुटुंबामागं वर्षाला ५ लाखांपर्यंत, त्यासाठी रेशन कार्ड, आधार, हॉस्पिटलचे कागद वेळेत लागतात, आणि कागदांना धावणारा एक माणूस लागतो, आपल्यातले एक रिटायर्ड बँकवाले काका तयार झालेत. कधी मुंबईला टाटाला जावं लागलं तर रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के, हॉस्पिटलचा फॉर्म भरून घ्यावा लागतो, बऱ्याच घरांना हे माहीतच नसतं. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, आपल्या विदर्भाचाच माणूस तो, तिथं टाटाचे पेशंट आणि नातेवाईक राहतात.

आणि पैशापेक्षा मोठं, प्लेटलेट. किमोनं प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, कमी होतात आणि साठवून ठेवता येत नाहीत, पाचच दिवस टिकतात. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, रक्तदान शिबिरं कमी, रक्तपेढ्यांत तुटवडा, आणि नेमकं तेव्हाच आपलं समर कॅम्प भरलेलं असतं, रोज सकाळी दोनशे पालक मैदानाबाहेर गाडीवर बसून असतात! त्यातले किती ओ पॉझिटिव्ह, किती बी पॉझिटिव्ह, आपल्याकडं यादी नाही. एका दात्याकडून मशीनवर प्लेटलेट काढतात, दीड-दोन तास लागतात. वय १८ च्या वर, तब्येत ठीक, बाकी रक्तपेढीवाले तपासून सांगतात. सीनियर टीमच्या पोट्ट्यांनो, तुमच्यासाठी हे मैदानावर पळण्यापेक्षा सोपं काम आहे, फक्त त्या दिवशी मॅच खेळू नका.

हिशोबाचं पटकन सांगतो. जमा झालेला पैसा कोणाच्या खाजगी गूगल पेवर नाही, क्लबच्या खात्यात, दोघांच्या सहीनं. हॉस्पिटलचं बिल असेल तर थेट हॉस्पिटलला, पेशंटच्या रजिस्ट्रेशन नंबरवर, पावती घेऊन. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आकडा फळ्यावर, पोराचं नाव न लिहिता. टुर्नामेंटमध्ये ट्रॉफी एकच, फिरती, आपल्या कपाटात पडलेली आहे तीच घासून. सत्कार नाही. पाहुणे आले तर त्यांनी एंट्री फी भरून पेनल्टी मारावी. विंगरला भेटायचं तर आधी त्याच्या आईला विचारून, सर्दी असेल तर नाहीच, व्हिडिओ कॉल करा, आणि बॅचचा रोजचा स्कोर त्याला पाठवा, तो तिकडून टीम लावतो, परवा त्यानं आपल्या राइट बॅकला बसवायला सांगितलं आणि सरांनी खरंच बसवलं.

एक राहिलंच, त्याची धाकटी बहीण. आई हॉस्पिटलमध्ये, बाप कामावर, पोरगी शेजारी. तिला उद्यापासून आपल्या अंडर-टेन बॅचला घ्या, फी नाही, आणायची-सोडायची जबाबदारी ज्यांची गाडी मानेवाड्याकडून येते त्यांनी घ्यावी. तिच्याशी तिच्या भावाबद्दल रोज रोज विचारू नका, तिला खेळू द्या.

वेळ संपली म्हणून खुणावून राहिले. बाहेर टेबलवर दोन रजिस्टर ठेवली आहेत, निळ्यात बॅच आणि महिना लिहा, लालमध्ये रक्तगट आणि फोन नंबर, आणि रक्तगट माहीत नसेल तर अंदाजानं लिहू नका, तपासून उद्या लिहा. मे महिन्यासाठी अजून कोणत्याच बॅचनं नाव दिलेलं नाही, क्रिकेटवाल्यांनो, मी तुमच्याकडं बघून राहिलो.