रडणारं पॅकेज आणि खरा चोर

विषय पत्रिकेत छापलाय, 'अपग्रेडनंतरच्या इन्स्टॉलेशन एरर कशा सोडवाव्यात', तो घेतोच, पण आधी माझ्या प्रिंटरचं ऐका. उबुंटू या लिनक्स सिस्टिमच्या २०.०४ आवृत्तीवरून २२.०४ वर गेलो, शेवटी त्याने विचारलं जुनी पॅकेजेस काढू का, मी वाय दाबलं. वाचलं कोण? इथे कोणी वाचतं का? हात वर करा. एकही नाही, छान.

तर रात्री अकराला मुलीचा प्रोजेक्ट प्रिंट करायचा, आणि ड्रायव्हरचं डेब, म्हणजे उबुंटूची इन्स्टॉल करायची फाइल, म्हणतंय, 'डिपेंड्स: लिबएसएसएल१.१ बट इट इज नॉट इन्स्टॉलेबल', म्हणजे मला ते लागतं, पण ते बसवता येत नाही. मी कंपनीला शिव्या घातल्या (नाव घेत नाही, कार्ट्रिज त्यांचंच लागतं), ड्रायव्हर तीनदा पुन्हा टाकला. चोर सोडून संन्याशाला फाशी! तो बिचारा फक्त सांगत होता की माझ्या खालची पायरी कोणीतरी काढलीय. लिबएसएसएल हे ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचं पॅकेज. २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ आलं, आणि लायब्ररीच्या पॅकेजमध्ये तो आकडा नावाचाच भाग असतो, म्हणजे लिबएसएसएल३ ही १.१ ची नवी आवृत्ती नाही, पॅकेजेस बसवणाऱ्या एपीटीच्या लेखी ते वेगळंच पॅकेज.

मग मी शहाणपणा केला. जबरदस्तीने डेब बसवलं आणि नव्या फाइलला जुन्या नावाची सिमलिंक, म्हणजे शॉर्टकट, दिली. म्हणजे दारावरची पाटी बदलली की घरमालक बदलतो असं मला वाटलं. प्रोग्राम सुरू होताच, 'ओपनएसएसएल_१_१_० नॉट फाउंड'. कारण प्रोग्रामला लायब्ररी जोडून देणारा लोडर फाइलचं नाव बघून थांबत नाही, आतल्या सिम्बॉलवरचे (फंक्शनच्या नावांवरचे) व्हर्जनचे शिक्केही तपासतो. रात्री दोनला पोरगी म्हणाली, बाबा, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून आणू सकाळी. आणलं. दोन रुपये पान.

जुनं १.१ बाहेरून आणून टाकता येतं, हो, पण त्याचा सर्वसाधारण सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्येच संपला, त्यामुळे नवीन ड्रायव्हर मिळत असेल तर तोच घ्या.

पाच मिनिटं? चहा आलाय वाटतं. बरं, पटापट. एररमधलं शेवटचं नाव पकडा, वरचं नाही, आणि एपीटी-कॅश पॉलिसी या कमांडला विचारा ते येतं कुठून. एपीटी-मार्क शोहोल्डने बघा काही अडकवून ठेवलंय का. पॅकेजेस कुठून आणायची त्या सोर्सेसच्या यादीत बाहेरच्या रेपोपुढे (पॅकेजच्या कोठारापुढे) अजून 'फोकल', म्हणजे २०.०४ चं टोपणनाव, लिहिलेलं राहिलंय का तेही बघा, ते जुन्या गावाचा पत्ता असतो. २४.०४ वाल्यांनो, लिबएसाउंड२ ही आवाजाची लायब्ररी सापडत नसेल तर मागे टी६४ लावा, २०३८ साली ३२ बिटांतला वेळेचा आकडा भरून वाहणार म्हणून त्यांनी ढिगाने नावं बदललीत. ग्लिबसीची, म्हणजे मूळ सी लायब्ररीची, एरर आली तर मात्र नवी ग्लिबसी ओढून आणू नका, अख्खी सिस्टिम तिच्यावर उभी आहे, त्यापेक्षा प्रोग्राम कंटेनरमध्ये, म्हणजे त्याच्या लायब्ररींसकट वेगळ्या डब्यात, चालवा. आणि एपीटीचं फिक्स-ब्रोकन, म्हणजे तुटलेली पॅकेजेस जुळवणारी दुरुस्ती, चालवायच्या आधी हायफन एस लावून नुसतं नाटक करून बघा, काढायच्या यादीत तुमचा डेस्कटॉप दिसला तर... हो हो, देतो माइक.