पोरांनी द्यायचं म्हणजे पोरांनीच द्यायचं

(नाशिकमध्ये पालक-शिक्षकांच्या मेळाव्यात बोललेलं, लिहून काढताना थोडंफार नीट केलेलं)

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या हो, इथे खुर्च्या मोकळ्या आहेत. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला ऐकत मोठी झालेली माणसं तुम्ही, तुम्हाला बसून ऐकायची सवय आहे, म्हणून मी जरा मोकळेपणानेच बोलणारे.

पत्रिकेत विषय छापलाय की लहान मुलांना माया, दयाळूपणा शिकवायला शाळेत आणि वस्तीत कोणते उपक्रम घ्यावेत. उपक्रम सांगते, शेवटी सांगते. पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीये ती सांगू द्या, कारण बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या वर्गांत माझी सगळी नोकरी गेली आणि तिथेच ती बसली. मूल जे देतं ते त्याचं स्वतःचं पाहिजे. आईचं नाही, बाबांचं नाही, शाळेचं तर नाहीच नाही.

आता आपल्याकडे काय होतं बघा. रात्री दहाला शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतो, उद्या प्रत्येकाने एक किलो तांदूळ, एक तेलाची पिशवी आणि जुने कपडे आणावेत. आई दुकान बंद व्हायच्या आत खाली पळते, बाबा जीपे करतात, पोरगं झोपलेलं असतं. सकाळी त्याच्या हातात पिशवी देतात, ते गेटपासून टेबलापर्यंत नेतं, तिथे फोटो होतो आणि आठवड्याने सर्टिफिकेट येतं. हात वर करा बरं, मागच्या वेळी आपल्या पोराला पिशवीत काय आहे हे माहीत होतं असे किती जण आहात? ... चार-पाच. त्या चार-पाच जणांना टाळ्या द्या, मनापासून द्या.

मला पेठ तालुक्यातली एक गोष्ट सांगायचीये. एका शाळेची सहल होती, शाळेचं नाव घेत नाही, शहरातलीच. सावळघाटातून पुढे जाऊन एका पाड्यावर ब्लँकेटं आणि स्वेटर वाटायचे होते, जानेवारी होता आणि तिकडची थंडी तुम्हाला माहितीये. मी मदतीला म्हणून गेले होते. पाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर मुलं रांगेत बसवलेली, बहुतेक कोकणा आणि महादेव कोळी आदिवासी घरांतली, समोर बॅनर. आमची मुलं एकेक करून पुढे जायची, स्वेटर द्यायचा, फोटोग्राफर म्हणायचा, थांब थांब, दोघं इकडे बघा. एक स्वेटर तर चार वर्षांच्या मापाचा होता आणि समोरची मुलगी सातवीतली असेल, तरी तिने तो धरला, फोटो झाला, मग तिने तो मांडीवर घडी करून ठेवला. घडी इतकी नीटस की काय सांगू. ही पोरं आईबरोबर घरातलं सगळं काम करतात, चूल, पाणी, लहान भावंडं, हे बाजूलाच राहिलं, पण बोलायला हवं कधीतरी.

तर वाटप संपलं. आमची मुलं बसमध्ये चढत होती आणि पाड्यावरची पोरं एकदम पळाली, आम्हाला वाटलं गेली घरी. पाच मिनिटांत परत आली आणि प्रत्येकाच्या फ्रॉकच्या ओच्यात, शर्टात, खिशात बोरं! रानातली, बारकी, आंबटगोड. बसच्या खिडकीतून आमच्या पोरांच्या हातात द्यायला लागली. आमची पोरं काय खूश! सकाळपासून पहिल्यांदा दोन्हीकडची पोरं एकमेकांशी बोलली, हे कुठलं झाड, काटे लागतात का, तुमच्याकडे नाहीत का बोरं. आणि सोबतच्या एक मॅडम ओरडल्या, कोणीही काहीही घ्यायचं नाही, धुतलेली नाहीत, घसा धरेल. खिडक्या बंद करायला लावल्या. ज्यांनी घेतली होती त्यांना टाकायला लावली.

मला आजही याचा राग येतो. घशाची काळजी करावी, पण बाटलीभर पाणी होतं ना बसमध्ये, धुता आली असती. त्या दिवशी तिथे खरं देणं कोणी केलं? ज्यांनी स्वतः काटे लावून घेऊन झाडावरून काढून आणलं त्यांनी. आणि आपण आपल्या पोरांना शिकवलं की आपण देणारे, ते घेणारे, आणि त्यांच्याकडून घ्यायचं नसतं. हा धडा पुस्तकात नव्हता पण पन्नास पोरांनी एका मिनिटात पाठ केला. असं शिकण्यापेक्षा सहलच न काढलेली बरी, हे मी त्या शाळेला तेव्हा सांगितलं आणि इथेही सांगते.

जुन्या कपड्यांचं पण तेच आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, इकडे आपली गोदावरीही भरून वाहत होती, तरी नाशिकमधून गाड्या गेल्या, ही आपल्या गावाची मोठी गोष्ट आहे. पण बटण तुटलेला शर्ट गोणीत टाकताना पोरगं बघत असतं. नको असलेलं दिलं की दिलं, असं त्याच्या मनात बसतं. धुवून, इस्त्री करून, बटण लावून द्या आणि बटण पोराकडून लावून घ्या.

हे नुसतं माझं मत नाहीये. 2012 मध्ये कॅनडात लारा अकनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षांच्या आतल्या बाळांवर प्रयोग केला. बाळाला खाऊ दिला, समोर एक बाहुलं. बाळाने बाहुल्याला खाऊ दिला तेव्हा ते स्वतःला खाऊ मिळाला त्यापेक्षा जास्त खुललं, आणि सगळ्यात जास्त खुललं ते स्वतःच्या वाट्यातलं दिलं तेव्हा. प्रयोग घेणाऱ्या बाईंनी वेगळा हातात दिलेला खाऊ पुढे दिला तेव्हा तितकं नाही. दोन वर्षांच्या आतली बाळं हो! आणि त्याआधी 2008 मध्ये जर्मनीत वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी पाहिलं की वीस महिन्यांच्या मुलांना मदत केल्याबद्दल बक्षीस दिलं तर पुढे ती कमी मदत करतात. नुसतं शाबास म्हटलेल्यांची मदत कमी झाली नाही. मग आपण मेडल कशाला वाटतो? सर्वांत जास्त रद्दी आणणाऱ्या वर्गाला ढाल कशाला?

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं, उपक्रम पटापट सांगते, लिहून घ्या.

पहिला, मूठ. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, त्यांच्या वसतिगृहांसाठी मुष्टीफंड होता, घरोघरच्या बायका दळणाच्या आधी मूठभर धान्य बाजूला ठेवायच्या. तेच वर्गात करा, डबा ठेवा, मुलाने स्वतःच्या मुठीने घरून आणून टाकायचं, मूठ त्याची पाहिजे, लहान असली तरी चालेल. कोणी किती टाकलं हे फळ्यावर लिहायचं नाही. डबा भरला की कोणाला द्यायचा हे मुलांनी ठरवायचं, वाद होऊ द्या, तासभर गेला तरी जाऊ द्या, त्या वादातच सगळं शिक्षण आहे.

दुसरा, वारी. जूनच्या सुमारास त्र्यंबकहून निवृत्तिनाथांची पालखी निघते, सातपूरवरून आपल्या गावात येते. पोरांना तिथे उभं करा, पाण्याच्या जगमधून ग्लासात पाणी ओतू द्या, सांडू द्या. वारकरी माऊली म्हणून पोराच्या पाया पडतो, तेव्हा कोण मोठं कोण लहान हे त्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

तिसरा, दोन शाळांची जोडी. शहरातली एक, पेठ-सुरगाण्याकडची एक, वर्षभर. पत्रं, चित्रं, बिया, गोष्टी. दोन्हीकडून जायला पाहिजे आणि दोन्हीकडून यायला पाहिजे. तिकडच्या पोरांना इकडे बोलवा, घरी जेवायला ठेवा, त्यांनी नागलीची भाकरी कशी थापतात ते शिकवावं. वाटपाचा कार्यक्रम नाही, बॅनर नाही, आणि घेणाऱ्या मुलाचा फोटो तर अजिबात नाही, त्याच्या आईला विचारलंय का कोणी?

एका ताईंनी चिठ्ठीवर विचारलंय, एखादं मूल द्यायला नाहीच म्हणालं तर? तर नाही म्हणू द्या. वर्गासमोर त्याचं नाव घेऊ नका, आईला फोन करू नका, कंजूष तर म्हणूच नका. ज्या घरात एकच पेन्सिल असते ते पोरगं पेन्सिल घट्ट धरणारच. त्याला दुसरं काम द्या, डबा उचलायचं, धान्य निवडायचं, यादी वाचायचं. आणि नुसतं बसून बघायचं असेल तर तेही चालेल, पुढच्या महिन्यात परत विचारा.