शिक्क्याशिवायची हकिकत

[दृश्य: काचेखाली ठेवलेला एक जुना छापील कागद. कॅमेरा सावकाश जवळ जातो.]

हा कागद नीट बघा. वर नाव आणि जन्मतारीख. खाली चौकटी, आणि चौकटींत शिक्के. जर्मन भाषेत याला लाउफत्सेटेल म्हणतात, म्हणजे सरळ मराठीत 'फिरती चिठ्ठी'. आपल्या कचेऱ्यांत फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाते. इथे फाइल नव्हती, माणूसच फिरायचा. डॉक्टर, पोलीस, मग अमेरिकन, ब्रिटिश आणि फ्रेंच अधिकाऱ्यांच्या वेगवेगळ्या चौकश्या. शिक्का पडला की पुढचं टेबल.

हे ठिकाण तेव्हाच्या पश्चिम बर्लिनच्या दक्षिणेला, मारिएनफेल्डे नावाच्या उपनगरात. १४ एप्रिल १९५३ रोजी पश्चिम जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर हॉइस यांनी या निर्वासित छावणीचं उद्घाटन केलं. १९९० पर्यंत साडेतेरा लाख माणसं इथून गेली. बहुतेक सगळी समाजवादी पूर्व जर्मनीतून आलेली.

[दृश्य: छोटी खोली, भिंतीला लागून दुमजली खाटा. दारात शाळेची मुलं.]

आता इथे संग्रहालय आहे, आणि शाळांच्या सहली येतात. पंधरा-सोळा वर्षांची मुलं, हात खिशात. त्यांच्यासमोर खुर्ची ओढून, एकेकाळी पूर्वेतून इथे आलेले कुणी आजी किंवा आजोबा बसतात. मुलं त्यांना आजी-आजोबा म्हणत नाहीत. तिकडे आडनावानं, अदबीनं हाक मारायची रीत. अशा माणसांसाठी जर्मनमध्ये एक शब्द आहे, त्साइटत्सॉयगे. काळाचा साक्षीदार. शाळाशाळांत असे साक्षीदार पाठवायला २०११ पासून एक स्वतंत्र कार्यालयही आहे.

त्याची गरज का पडली? २००८ साली क्लाउस श्रोडर या बर्लिनच्या संशोधकानं शाळकरी मुलांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. बर्लिनची भिंत कुणी बांधली, हेच कितीतरी मुलांना सांगता येत नव्हतं. पूर्व जर्मनी म्हणजे हुकूमशाही, हेही अनेकांना मान्य नव्हतं. घरी आजी सांगणार, तेव्हा सगळ्यांना नोकरी होती. खोटं नाही ते. पण तेवढंच नव्हतं.

आपण तरी कुठे वेगळे? मराठीतल्या एका पिढीला समाजवादी देश भेटले ते गुळगुळीत कागदावरच्या, स्वस्तातल्या, सुंदर चित्रांच्या अनुवादित पुस्तकांतून. त्या चित्रांत कुणी सामान बांधताना दिसत नसे.

[दृश्य: लोकल गाडीची खिडकी, धावते रूळ.]

सामानाचंच बघा. १९६१ च्या ऑगस्टपर्यंत पूर्व बर्लिनमधून पश्चिमेला जायला एस-बान, म्हणजे शहराची लोकल, चालत होती. तिकीट वीस फेनिग. इतकी स्वस्त सुटका, आणि इतकी जिवावरची. गाडीत तपासणी व्हायची, आणि मोठी बॅग दिसली की माणूस खाली उतरवला जायचा. म्हणून लोक बॅगच घेत नसत. अंगात दोन-दोन कपडे घालायचे, महत्त्वाची कागदपत्रं आत लपवायची. नवरा एका डब्यात, बायको-मुलं दुसऱ्या गाडीनं. शेजाऱ्यांना 'येतो' म्हणायचं नाही. भांडी तशीच, पडदे तसेच.

मग १३ ऑगस्टला पूर्व जर्मनीनं भिंत घातली आणि हा रस्ता संपला. पुढे उरला तो अर्जाचा मार्ग. देश सोडायची परवानगी मागायची आणि वाट बघायची, कित्येकदा वर्षानुवर्षं. अर्ज दिला की नोकरीवर गदा, मुलांच्या शिक्षणावर गदा, मित्र रस्ता ओलांडून पलीकडे. काहींना तर चक्क विकत घेतलं गेलं. १९६३ ते १९८९ या काळात पश्चिम जर्मनीनं तेहेतीस हजारांवर राजकीय कैदी सोडवून आणले. किंमत तीन अब्ज मार्कांच्या वर, आणि त्यातली बरीचशी मालाच्या रूपात. माणसांच्या बदल्यात कॉफी आणि तांबं, हे ऐकल्यावर खिशातले हात बाहेर येतात.

खुर्चीत बसणाऱ्या या साक्षीदारांनी आपली हकिकत याआधीही सांगितली आहे. याच छावणीत, टेबलापलीकडच्या समितीला. १९५० च्या कायद्यानुसार पश्चिमेत राहायची रीतसर परवानगी हवी, तर जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका होता हे पटवून द्यावं लागे. प्रेमापोटी आलो, बरी नोकरी हवी होती, तिथे जीव रमत नव्हता, ही कारणं तिथे लंगडी पडत. अर्ज फेटाळला तरी सहसा परत पाठवत नसत, पण पुढचं सगळं अवघड होऊन बसे. म्हणजे गोष्ट सांगायची ती शिक्का मिळेल अशी. शिवाय छावणीत पूर्वेचे हेर असायचे. कुणाशी काय बोलावं याची सतत धास्ती.

आणि त्याच आयुष्याची एक प्रत श्टाझी, म्हणजे पूर्व जर्मनीची गुप्त पोलीस यंत्रणा, लिहीत होती. त्यांच्या फायली ओळीनं लावल्या तर १११ किलोमीटर भरतात. १९९२ पासून ज्याची फाइल त्याला बघायला मिळू लागली. कुणाला त्यात शेजारी सापडला, कुणाला भाऊ.

इतिहासकारांत एक जुनी थट्टा आहे: प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हाच इतिहासकाराचा शत्रू. खरंच आहे. आठवण घासून घासून गुळगुळीत होते, तारखा सरकतात. पण फायलीत नसतं ते इथे येतं. या खुर्चीत बसून 'मी फक्त एका मुलासाठी पळून आले' असं सांगता येतं. समोरच्या पोरांच्या हातात शिक्का नाही.

[दृश्य: बाहेरचं आवार. तीनमजली इमारती.]

सहल संपते, मुलं फाटकाकडे निघतात. आवारातल्या बाकीच्या इमारती रिकाम्या नाहीत. २०१० च्या अखेरीपासून तिथे पुन्हा निर्वासित राहतात, पुढे सीरियातून आणि अफगाणिस्तानातून आलेलेही. वाळत घातलेले कपडे, दाराशी लहान मुलांच्या सायकली. आतल्या मोठ्या माणसांना चौकशीच्या तारखा मिळालेल्या असतात. कुठलं गाव, कुठला रस्ता, कधी निघालात, का निघालात.

[दृश्य: फाटकाबाहेर बस. मुलं चढतात. दाराशी एक सायकल.]