तबला कोणत्या कपाटात?

(एका स्नेहसंमेलनातील व्याख्यान, थोड्या संपादनासह)

पाळकसाहेब, प्राध्यापक मंडळी आणि मेसमधून जेवून थेट इथे आलेल्या मुला-मुलींनो, सर्वांना प्रभूत सलाम.

मला विषय दिलाय ‘छोट्या ख्रिस्ती कॉलेजातले विद्यार्थी-उपक्रम आणि उपासना’. पण तबल्याचं सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

मी इथेच पुण्यात शिकलो. आम्ही सगळे मिळून साठ-पासष्ट, आणि समित्या दोन. एकीकडे गॅदरिंग, क्रिकेट, सहल. दुसरीकडे सकाळचं चॅपल, शुक्रवारची उपवास-प्रार्थना, नाताळात वडगाव शेरीतल्या घराघरांतून फिरणारा कॅरल राउंड. तबला घेतला गॅदरिंगच्या वर्गणीतून. म्हणून स्टॉक रजिस्टरमध्ये त्याची नोंद ‘क्रीडा व मनोरंजन’ या पानावर, कॅरम बोर्ड आणि व्हॉलीबॉलच्या जाळीच्या मधोमध!

गुड फ्रायडेच्या बारा ते तीनच्या उपासनेत क्रुसावरचे सात उद्गार सात विद्यार्थी सांगायचे. चौथा आमच्याकडे आला. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ आम्ही ठरवलं, यावर प्रवचन नको, कीर्तन करू. तबल्यासाठी अर्ज दिला. तो वॉर्डनकडून एका समितीकडे, तिथून दुसरीकडे, असा तीन आठवडे फिरला. उत्तर आलं, मनोरंजनाचं साहित्य चॅपलमध्ये नेता येणार नाही.

तालीम आम्ही मेसच्या टेबलावर ठेका धरून केली. आमच्यात मिझोरामचा एक मुलगा होता. मराठी जेमतेम यायचं, पण रोज येऊन बसायचा. तो म्हणाला, आमच्या गावी चर्चमध्येच मोठा ढोल असतो, खुआंग म्हणतात त्याला. त्याच्याशिवाय गाणं उभं राहत नाही. तुमचं वाद्य कुलपात का? मला उत्तर देता आलं नाही. तबला त्या वर्षी मिळाला नाहीच. कीर्तन टाळांवर झालं. मागच्या बाकांवरच्या आयाबाया रडल्या, तरी ते कुलूप मला आजही सलतं.

कारण आपल्याच वाद्यांबद्दलचा हा परकेपणा आपल्या घरचा नाही. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ख्रिस्ताची ओवीत लिहिलेली कथा छापून प्रसिद्ध केली. जन्माने इंग्रज, पण मराठी मनाला काय ऐकावंसं वाटतं ते त्यांना कळलं होतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते मानत. अभंग लिहिले, स्वतः कीर्तनाला उभे राहिले. टाळ-मृदंग मनोरंजनाच्या पानावर लिहावेत, हे त्यांना पटलं असतं का? नाही म्हणताय ना? मग हात वर करा बरं, तुमच्या कॉलेजात तबला कुठे ठेवतात? ... बघा, पाच-सहा जण अजून कपाटवालेच आहेत.

आणि जेवणाचं सांगायचं राहिलं. याच शहरात १८९० मध्ये पंचहौद मिशनात हिंदू पुढाऱ्यांनी मिशनऱ्यांकडे घेतलेल्या चहावरून केवढा गदारोळ झाला, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. ते आठवलं की आमची मेस मोठी वाटते. नगरचा, नागालँडचा, केरळचा मुलगा एका पातेल्यातला भात खातो आणि ताटावर प्रार्थना आपापल्या भाषेत म्हणतो. माझ्या हिशेबी तीही उपासनाच.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर मूळ मुद्दे भराभर सांगतो. दोन समित्यांची एक करा, वर्गणीही एक. आठवड्यातून एक चॅपल पूर्णपणे विद्यार्थ्यांकडे द्या, संदेश म्हणजे प्रवचनसुद्धा. चुकू द्या त्यांना, प्राध्यापकांनी मागे बसून ऐकावं. रविवारी मुलं सेवेसाठी खडकीला, कॅम्पात, गुरुवार पेठेत चर्चच्या मंडळ्यांमध्ये जातात. तिथे आजी-आजोबांकडून ऐकलेली जुनी गीतं सोमवारच्या चॅपलमध्ये म्हणायला लावा, नाहीतर त्या चाली त्यांच्याबरोबरच जातील. ईशान्येच्या मुलांकडून चार आवाजांतलं गाणं शिका, त्यांना अभंग शिकवा. परीक्षेच्या महिन्यात उपवास-प्रार्थना सक्तीची करू नका.

मुलींच्या होस्टेलला कॅरल राउंडला रात्री दहानंतर परवानगी नसते, त्यावरही बोलायचं होतं. वॉर्डनबाई समोरच आहेत. चहाच्या वेळी मी त्यांच्याकडे येतो.