खुशीनं सोडलं

(नागपुरात मोमिनपुऱ्यात रमजानच्या आदल्या आठवड्यात दिलेलं व्याख्यान, थोडी काटछाट करून.)

राजेहो, आधीच सांगतो, मी आलिम, म्हणजे धर्माचा जाणकार, नाही. इतवारीत कापडाच्या एका ठोक दुकानात एकेचाळीस वर्षं गादीवर बसून हिशेब लिहिले, एवढीच माझी लायकी. म्हणून 'आखिरतच्या, म्हणजे मरणानंतरच्या जीवनाच्या, तयारीवर बोला' असं सांगितलं गेलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं जन्नत-जहन्नम आलं नाही. उधारीची वही आली.

आणि खरं सांगू का, कुरआनातली सगळ्यात लांब आयत, म्हणजे वचन, उधारीवरच आहे. सूरह (अध्याय) बकरा, 282. नमाजेवर नाही, रोज्यावर नाही. मुदतीचं देणं-घेणं लिहून ठेवा, लिहिणाऱ्यानं इन्साफानं लिहावं, साक्षीदार घ्या, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. माझ्यासारख्या मुनिमाला ही आयत पहिल्यांदा समजली, तेव्हा आपल्या धंद्याची इज्जत वाढल्यासारखं वाटलं होतं. (हशा) हसा, पण तुमच्यापैकी कितीजणांनी सख्ख्या मेहुण्याला दिलेले पैसे लिहून ठेवलेत?

आपल्याकडे अल्लाहचे हक्क आणि माणसांचे हक्क असे दोन भाग सांगतात. हुकूकुल्लाह, हुकूकुल इबाद. पहिल्यात कसूर झाली तर तौबा आहे, आणि तो रहीम आहे. दुसऱ्यात मात्र ज्याचं घेतलं त्याच्याच दारात जावं लागतं. 'सही मुस्लिम' या संग्रहात एक हदीस, म्हणजे पैगंबर साहेबांची आठवण, आहे. पैगंबर साहेबांनी विचारलं, दिवाळखोर कोण? लोक म्हणाले, ज्याच्याकडे पैसा-अडका नाही तो. ते म्हणाले, नाही. माझ्या उम्मतीतला, माझ्या मागून चालणाऱ्यांतला, दिवाळखोर कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात घेऊन येईल. पण याला शिवी दिलेली, त्याचा माल खाल्लेला, कुणाला मारलेलं. मग त्याच्या नेक्या एकेकाला वाटल्या जातील. त्या संपल्या की त्या लोकांचे गुनाह याच्या अंगावर टाकले जातील. आता वहीच्या भाषेत पाहा. जमेची बाजू भरगच्च होती, नावे बाजूकडे कधी पाहिलंच नव्हतं.

संत्र्याच्या पेटीचं सांगतो, नागपुरात राहून ते टाळता कसं येईल? वरच्या थराला मोठी, तकतकीत फळं आणि खाली गोट्या. पैगंबर साहेब मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालतात, बोटांना ओल लागते. विक्रेता म्हणतो, पाऊस पडला. मग ओलं वर का नाही ठेवलंस, की लोकांना दिसलं असतं? फसवणारा आमच्यातला नाही. बस, एवढंच. यावर मी वेगळं काय सांगू?

कर्जाचं मात्र मनावर घ्या. पैगंबर साहेबांपुढं एक जनाजा, म्हणजे मय्यत, आला. त्यांनी विचारलं, याच्यावर देणं आहे का? दोन दीनार होते. पैगंबर साहेबांनी जनाज्याची नमाज पढवली नाही. त्यांचे साथी अबू कतादा म्हणाले, ते माझ्याकडे लागले, तेव्हा नमाज झाली. शहीदाचं सगळं माफ होतं, कर्ज सोडून, असंही हदीसमध्ये आहे. म्हणून मय्यतीनंतर क्रम ठरलेला आहे: आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत, म्हणजे मृत्युपत्र, तीही एक तृतीयांशाच्या आत, आणि मग वारस. आपण काय करतो? चाळीसाव्या दिवसाच्या जेवणाच्या देगचीची चर्चा आधी.

त्या कर्जातच मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्यानं बायकोला द्यायचं कबूल केलेलं धन, येतो, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. मी स्वतः पाहिलंय, नवऱ्याच्या मय्यतीची खाट उचलायला चार माणसं उभी आणि एक काकू आत जाऊन रडणाऱ्या बाईच्या कानात म्हणते, मेहर माफ कर बाई. ती काय 'नाही' म्हणणार? निकाहला तीस वर्षं झाली होती. तीस वर्षांत जमलं नाही ते त्या एका मिनिटात उरकायचं.

आता ज्यासाठी मी खरं तर उभा राहिलो, ते. सूरह निसामध्ये वाटण्या आकड्यांत दिल्यात. मुलाला मुलीच्या दुप्पट, यावर लोक वाद घालतात. घालू द्या. माझा प्रश्न साधा आहे: ती जी निम्मी वाटणी आहे, ती तरी बहिणीला दिली का? नमाजेची एक रकअत, एक फेरी, कुणी कमी करत नाही. बहिणीचा हिस्सा सगळे कमी करतात, आणि म्हणतात, तिनं खुशीनं सोडला. हक्कसोडपत्रावर सही आहे ना! माहेर तुटू नये म्हणून केलेल्या सहीला आपण खुशी म्हणतो.

हे मी दुसऱ्यांचं सांगत नाही. आई आधीच गेली होती, मग वडील गेले. आम्ही दोघे भाऊ, एक बहीण, आपा. पाच भाग: दोन, दोन आणि एक. मुनीम मीच, आकडा मला पाठ होता. तरी आपानं सही केली आणि मी कागद घडी करून कपाटात ठेवला. पुढं घर विकलं.

बावीस वर्षांनी, मागच्या हिवाळ्यात, मी पाचवा हिस्सा घेऊन कामठीला तिच्या घरी गेलो. वाटेत मनाशी सगळं जुळवलं होतं. ती म्हणेल, राहू दे रे, आता काय करायचेत, मी आग्रह करीन, दोघं रडू. चहा झाला. मी पाकीट पुढं केलं.

आपा काही बोलली नाही. आत गेली, चष्मा लावून आली आणि माझ्यासमोर बसून नोटा मोजल्या. मग बोटाला थुंकी लावून पुन्हा एकदा पहिल्यापासून मोजल्या.