पर्वताची ओढ कमी का पडली?

हा ओळंबा पाहा. 'सरळ खाली' म्हणजे कुठे, हे गवंडी याच्याकडूनच ठरवून घेतो. पण शेजारी अजस्र पर्वत असला की ओळंबासुद्धा किंचित त्याच्याकडे कलतो.

१९व्या शतकात भारताचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण चाललं होतं. मध्य भारतातलं कल्याणपूर आणि हिमालयाजवळचं कलियाना, या दोन ठाण्यांच्या अक्षांशांतला फरक दोन रीतींनी काढला गेला: एकदा जमिनीवरच्या त्रिकोणांतून, एकदा ताऱ्यांवरून. ताऱ्यांचे वेध घेताना 'सरळ वर' कुठे, हे ओळंबाच सांगतो. दोन उत्तरं जुळेनात. तफावत कोनाच्या ५.२३६ सेकंदांची (एक सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटर.

ओळंबा हिमालयाने ओढला, हे उघड होतं. मग कलकत्त्यातले धर्मगुरू आणि गणिती जॉन प्रॅट यांनी हिमालयाच्या आकारमानावरून गणित मांडलं. उत्तर आलं जवळजवळ १६ सेकंद! खरं कोडं इथे पडलं. ओढ होती, पण हिशोबाच्या जेमतेम एक तृतीयांश.

१८५५ साली ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी तरंगत्या ओंडक्याचा दाखला दिला. जो ओंडका पाण्यावर जास्त उंच दिसतो, तो खालीही जास्त बुडालेला असतो. तसंच पर्वताखालीही हलक्या खडकाचं मूळ जड प्रावरणात, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरात, खोल उतरलेलं असतं. वरच्या डोंगराने वाढवलेली ओढ खालचं मूळ बरीचशी फेडून टाकतं. पुढे भूकंपलहरींनीही हेच दाखवलं: खंडांखाली कवच साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड, तिबेटखाली सुमारे ७०.

पृथ्वीची ही ओढ मोजणारा आजचा गुरुत्वमापक म्हणजे मुळात स्प्रिंगला टांगलेलं वजन. पण तो इतका हळवा, की मीटरभर वर उचलला तरी आकडा बदलतो. त्यामुळे जागेची उंची चुकली, तर सगळी मेहनत पाण्यात.

आणि खरोखरच पाण्यात उतरले ते डच शास्त्रज्ञ व्हेनिंग माइनेझ. ते गुरुत्व मोजायला लंबक वापरत. हलत्या जहाजावर तो नीट झुलेना, म्हणून १९२३ पासून त्यांनी तो पाणबुडीत नेला. जावाजवळच्या सागरी गर्तेलगत त्यांना गुरुत्व कमालीचं कमी असलेला लांबलचक पट्टा सापडला. इतका हलका भाग खरं तर वर उसळायला हवा. तो उसळत नाही, कारण तिथे समुद्रतळाचा भूपट्ट (पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचा प्रचंड तुकडा) खाली प्रावरणात घुसतो आहे आणि जाताजाता त्या हलक्या भागालाही खाली खेचून धरतो आहे.